ऑर्डरचा केक आणि रायपूरचा उन्हाळा

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जाऊन टेकतो. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. चॉकलेटमधले कोको बटरही साधारण ३४ अंशांना पाघळते. म्हणजे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने या शहरात केकवरची जवळजवळ प्रत्येक शोभेची गोष्ट फ्रिजबाहेर आली की पातळ व्हायच्या वाटेला लागते. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत असते. अक्षय्य तृतीया, जिला छत्तीसगडात अक्ती म्हणतात आणि जिच्या दिवशी मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात, तीही याच दिवसांत येते. अशाच एखाद्या संध्याकाळी कोणाला तरी मोकळ्या हिरवळीवर, मंडपाखाली, तीन मजली केक हवा असतो.

तो केक उभा राहील की कलंडेल, हे आठ दिवस आधी, ऑर्डर घेतानाच ठरलेले असते. बेकरीच्या काचेच्या कपाटातला केक आधी तयार होतो आणि गिऱ्हाईक नंतर येते. ऑर्डरच्या केकात सगळे उलटे चालते. आधी बोलणे, मग मोबाइलवरचा फोटो, मग तारीख आणि आगाऊ रक्कम, आणि वस्तू सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक न पाहिलेली वस्तू विकत घेते, बेकर न केलेली वस्तू विकते. या धंद्यातली भांडणे पाहिली तर चव बिघडल्याची थोडी आणि समजुतीत अंतर पडल्याची फार दिसतात. म्हणून या प्रकरणात क्रीम आणि नोझलइतकीच जागा प्रश्न विचारण्याला दिली आहे. केक सजवण्याच्या कारागिरीत तेही येते, असे माझे ठाम मत आहे.

रायपूर हे या दृष्टीने अवघड शहर आहे आणि म्हणूनच शिकण्यासारखे आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्कररामपंत कोल्हटकर छत्तीसगडावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून हा मुलूख सांभाळला. तेव्हापासून मराठी माणूस इथे आहे. तात्यापारा ही रायपुरातली जुनी मराठी वस्ती आणि चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ हे आजचे भेटीचे ठिकाण. शेजारच्या भिलाईत १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातली माणसे या पट्ट्यात आली. २००० साली रायपूर राजधानी झाले आणि त्यांत आणखी भर पडली. त्यामुळे इथल्या बेकरकडे एकाच आठवड्यात छत्तीसगडी घरातली छठी, मराठी घरातले बारसे, सिंधी कुटुंबातला साखरपुडा, जैन कुटुंबातला पहिला वाढदिवस आणि बंगाली घरातले अन्नप्राशन असे सगळे येऊ शकते. प्रत्येक घराचे खाण्याचे नियम वेगळे, रंगांच्या आवडी वेगळ्या. काळा रंग एका घरी अशुभ, तर मराठी घरातल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाला नेमका काळाच हवा.

बोरन्हाणाचा विषय निघाला आहे तर थोडे थांबू. केक आपल्याकडे बाहेरून आला, साखरेची कलाकुसर मात्र आपल्या घरांत जुनीच आहे. संक्रांतीचा हलवा आठवा. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, खाली मंद निखारा, वरून चमच्याने थोडा थोडा पाक, आणि हाताने दाणे सतत फिरवत राहायचे. पाकातले पाणी उडते, साखरेचा पातळ थर दाण्यावर बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि हळूहळू काटा उभा राहतो. जाणत्या बायका हे काम थंडीतल्या कोरड्या पहाटे करायच्या, कारण हवेत दमटपणा असला की काटा फुटत नाही. त्या हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट, बाळासाठी बासरी. लग्नातले रुखवतही तेच: खाण्याच्या वस्तूंचे देखावे मांडून पाहुण्यांना दाखवायचे. मराठी घरातल्या मुलीने फॉन्डंटची फुले वळायला घेतली, तर ती आजीचेच काम वेगळ्या साखरेत करत असते.

या वेगळ्या साखरेतले सर्वांत नाजूक काम म्हणजे रॉयल आयसिंग. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठी साखर फेटून केलेले हे मिश्रण वाळले की कडक होते. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकापासून लग्नाचे केक त्याने सजवत आले आहेत. आपल्याकडे त्यात मोठे नाव पुण्याच्या प्राची धबल देब यांचे. ब्रिटनमधले ज्येष्ठ शुगर आर्टिस्ट एडी स्पेन्स यांच्याकडे त्या हे काम शिकल्या. भारतात परतल्यावर अंड्याची अडचण समोर आली, कारण शाकाहारी गिऱ्हाईक अंड्याचे आयसिंग खाणार नाही. तेव्हा त्यांनी अंड्याशिवायचे रॉयल आयसिंग वापरात आणले आणि त्यातून मिलानच्या कॅथेड्रलवर बेतलेली सुमारे १०० किलोंची रचना उभी केली. २०२२ मध्ये तिची नोंद लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने घेतली. या कामातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की गिऱ्हाइकाचा नियम त्यांनी कारागिरीच्या आत घेतला. अंडे चालत नाही म्हणून कला सोडली नाही आणि कलेसाठी गिऱ्हाइकाला अंडेही खाऊ घातले नाही.

रायपूरच्या बेकरने रॉयल आयसिंगकडून आणखी एक गोष्ट शिकावी. त्यात चरबी नसते, त्यामुळे ते मेच्या उन्हात वितळत नाही. फार तर भांड्यातच वाळून नोझल बंद पाडते, म्हणून भांड्यावर ओले फडके ठेवायचे. त्याचा खरा शत्रू जुलै-ऑगस्ट. पावसाळ्यातल्या दमट हवेतली ओल साखर शोषून घेते आणि कडक झालेली जाळी मऊ पडून खाली बसते. क्रीमचे नेमके उलटे: तिला ओल बाधत नाही, उष्णता बाधते. तेव्हा गिऱ्हाईक तारीख सांगते त्याच क्षणी बेकरच्या मनात ऋतू उभा राहायला हवा. मे महिन्यात क्रीमची उंच फुले कबूल करू नयेत, जुलैत साखरेच्या पातळ पाकळ्या कबूल करू नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला सुखाचा काळ, तेव्हा दोन्ही जमते.

क्रीमबद्दल गिऱ्हाइकांचे गैरसमज फार आहेत. भारतातल्या बहुतेक केकवर जी पांढरीशुभ्र क्रीम असते ती दुधाची नसते. अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये सोयाबीनपासून फेटता येणारी क्रीम तयार केली, तिथून ही वनस्पती-क्रीम जगभर गेली. आज ती बहुधा पाम कर्नल तेलापासून होते. गोठलेली मिळते, फ्रिजमध्ये हळूहळू सुटू द्यायची आणि थंड भांड्यात फेटायची. फुलून तिपटी-चौपटीने वाढते. दुधाची साधी २५ टक्के स्निग्धांशाची पाकिटातली क्रीम फेटून उभी राहत नाही. ३५ टक्क्यांच्या आसपासची राहते, पण वातानुकूलित खोलीतच. चवीत दुधाची क्रीम केव्हाही सरस. वनस्पती-क्रीम जिभेवर एक पातळ लेप ठेवून जाते, हे खाणाऱ्या प्रत्येकाला जाणवते. पण रायपूरच्या उन्हाळी मंडपात उभी राहते तीच. बेकरने काय करावे? दोन्हींची नावे सांगावीत, किमती सांगाव्यात आणि कार्यक्रम कुठे आहे ते विचारावे. घरच्या एसी खोलीत दहा माणसांत कापायचा असेल तर दुधाची क्रीम घ्या म्हणावे. हिरवळीवर नऊ वाजेपर्यंत ठेवायचा असेल तर दुधाच्या क्रीमला स्पष्ट नाही म्हणावे. वनस्पती-क्रीम वापरून ती दुधाची आहे असे भासवणे ही फसवणूक आहे, मग केक कितीही देखणा असो.

तिसरा मार्ग गनाशचा. चॉकलेट आणि क्रीम गरम करून एकजीव केले की गनाश होते. डार्क चॉकलेट असेल तर हिवाळ्यात दोन्ही समसमान चालतात. उन्हाळ्यात चॉकलेट दुप्पट घ्यावे लागते. पांढऱ्या चॉकलेटचे प्रमाण तिपटीवर नेतात, कारण ते मुळात मऊ. या थराने केकला कडक कवच मिळते, कडा धारदार निघतात आणि वर फॉन्डंटची चादर नीट बसते. मोटारीच्या, बॅगेच्या, किल्ल्याच्या आकाराच्या केकांत आतून सगळे काम गनाशचेच असते.

फॉन्डंट म्हणजे पिठी साखरेची लवचिक कणीक. तिच्याबाबत नवशिक्या बेकरची ठरलेली तक्रार अशी: फ्रिजमधून केक काढला आणि पाच मिनिटांत त्याला घाम फुटला, रंग ओघळला. हा घाम केकमधून येत नाही. बाहेरच्या दमट हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर दवासारखी जमते. उपाय साधा आहे. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर खोके उघडायचे नाही. केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दव खोक्यावर जमते आणि पुठ्ठा ते पिऊन टाकतो. फॉन्डंटच्या मूर्ती, फुले, अक्षरे यांत कडकपणा आणणारी सीएमसी पावडर मिसळून ती तीन-चार दिवस आधी वाळवायची. पावसाळ्यात हे दिवस वाढतात. गिऱ्हाईक उद्या बाहुली हवी म्हणते तेव्हा बेकर नाही म्हणते ती याच कारणाने.

आता अंड्याकडे येऊ. रायपूरसारख्या शहरात बिनअंड्याच्या केकची मागणी मोठी आहे. भारतीय नियमांत अंडे मांसाहारात मोडते. शाकाहारी पदार्थावर हिरवी खूण, अंडे असेल तर मांसाहाराची. अंडे केकला बांधते, फुलवते आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवते. ती तीन कामे बिनअंड्याच्या केकात दुसऱ्यांनी करायची असतात. कंडेन्स्ड मिल्क ओलावा आणि अंग देते. दही किंवा व्हिनेगर सोड्याशी मिळाले की वायू सुटतो आणि केक फुलतो. हा वायू थांबत नाही, म्हणून पीठ कालवल्यावर फोन घ्यायचा नाही, लगेच भांडे ओव्हनमध्ये. बिनअंड्याचा केक जरा भुसभुशीत असतो. कोरून आकार द्यायचा असेल तर रात्रभर थंड करावा. पण शाकाहारी गिऱ्हाइकाचा प्रश्न अंड्यावर संपत नाही. फॉन्डंटमध्ये किंवा मार्शमेलोमध्ये जिलेटिन असू शकते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते. जैन घर असेल तर मधही विचारायचा. ओव्हन आणि भांडी सामाईक आहेत का, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगायचे.

अंड्यावरूनच घडलेला एक खरा प्रसंग रायपूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या नागपूरचा आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या एका गिऱ्हाइकाने अ‍ॅपवरून एका नावाजलेल्या बेकरीचा केक मागवला आणि सूचनेच्या रकान्यात इंग्रजीत लिहिले की केकमध्ये अंडे असेल तर तसे नमूद करा. केक घरी आला तेव्हा त्यावर क्रीमने सुबक अक्षरांत लिहिले होते: ‘कंटेन एग’. त्याचा फोटो देशभर फिरला आणि लोक खूप हसले. पण प्रसंग नीट पाहिला तर दोष एकाही माणसाचा नाही. गिऱ्हाइकाचा प्रश्न रास्त होता. केकवर लिहिणाऱ्या कारागिराने जे लिहा म्हटले ते लिहिले. चुकले ते एवढेच की प्रश्न विचारायचा आणि केकवरचा मजकूर द्यायचा, या दोन्हींना एकच रकाना होता आणि मध्ये उलटून विचारणारे कोणी नव्हते. घरून केक करणारी बेकर या जागी मोठ्या बेकरीपेक्षा वरचढ ठरते. ती फोन करू शकते.

तिने तो करावाच, आणि शेवटी मजकूर लेखी मागावा. आरव हे नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात आणि एक अक्षर जास्त झाले तर आईच्या लक्षात ते केकच्या चवीआधी येते. देवनागरीत लिहायचे असेल तर आणखी जपावे लागते. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हा मजकूर सहा इंचांच्या केकवर मावत नाही. जोडाक्षरे आणि वेलांट्यांना जागा लागते. आधी बटर पेपरवर तेवढ्याच मापात लिहून पाहावे, नाहीतर मजकूर केकखालच्या पुठ्ठ्यावर घ्यावा. मराठी अक्षर नोझलने सुंदर काढणारे हात कमी आहेत. ज्यांना ते येते त्यांनी त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, असे मला वाटते.

आता फोटो. ऑर्डरच्या केकातली सर्वांत मोठी अडचण म्हणजे मोबाइलवर पुढे केलेला फोटो.

“ताई, अगदी असाच हवा.”

“माणसं किती येणार आहेत, दादा?”

“पंधरा-वीस. दोन किलो बस होईल ना?”

“दोन किलो पुरेल. पण फोटोतला केक चार मजली आहे. खालचे दोन मजले बहुतेक थर्माकोलचे असतील.”

ही माहिती बहुतेक गिऱ्हाइकांना नसते. इंटरनेटवरचे कित्येक देखणे केक स्पर्धांसाठी किंवा प्रदर्शनासाठी केलेले असतात. आत थर्माकोल, वर फॉन्डंट, आणि कारागिराने त्यावर आठवडा घालवलेला. आता तर संगणकाने रंगवलेली चित्रे येऊ लागली आहेत, ज्यांतले केक कोणी केलेलेच नाहीत. त्यांत मजले हवेत तरंगतात, पाकळ्या कागदाहून पातळ असतात. बेकरने फोटो पाहून लगेच हो म्हणू नये आणि लगेच नाहीही म्हणू नये. फोटोतले नेमके काय आवडले, ते विचारावे. रंग? सिंहाची बाहुली? वरून ओघळणारे चॉकलेट? बहुतेकदा उत्तर एकाच गोष्टीवर येते आणि ती एक गोष्ट दोन किलोंत सहज बसते. मग साध्या कागदावर पेन्सिलीने आकृती काढावी, उंची-रुंदी लिहावी, त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवावा. पुढचा सगळा करार त्या आकृतीचा. मूळ फोटो तिथे संपला.

वजनाचा घोळही इथेच मिटवावा. आपल्याकडे केक किलोवर विकतात, कारण मिठाई किलोवर विकतात. पण ऑर्डरच्या केकात दोन किलो म्हणजे काय? स्पंज आणि क्रीम दोन किलो, की फॉन्डंटची चादर, बाहुल्या आणि खालचा पुठ्ठा धरून दोन किलो? घरी नेऊन वजन करणारी गिऱ्हाइके असतात आणि त्यांचे चूक नाही. खाण्याचा केक किती आणि शोभेची साखर किती, हे बिलावर वेगळे लिहावे. खाण्याच्या केकचा दर किलोचा असावा, सजावटीचा दर कामाच्या तासांचा. साखरेचा एक गुलाब वीस ग्रॅमचा असतो. पाकळी पाकळी लाटून, वाळवून, रंगवून तो करायला लागलेला वेळ कोणत्याही काट्यावर तोलता येत नाही. घरून काम करणाऱ्या बायका हा वेळ फुकट देतात, आणि अनेकींचा धंदा दोन वर्षांत बंद पडतो तो यामुळे. गिऱ्हाईक घासाघीस करते तेव्हा दर कमी करण्याऐवजी सजावट कमी करावी: दोन बाहुल्यांऐवजी एक, साखरेच्या फुलांऐवजी क्रीमची.

रंगांबाबत मात्र घासाघीस नको. भारतीय अन्ननियमांत खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांचे प्रमाण ठरलेले आहे. २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाने बेकऱ्यांतले २३५ केक तपासले. त्यांतल्या १२ नमुन्यांत कृत्रिम रंगांचा आक्षेपार्ह वापर आढळला. गडद तांबडा आणि काळा हे दोन रंग सर्वांत घातक, कारण पांढऱ्या क्रीमला तिथपर्यंत नेण्यासाठी रंग ओतत राहावे लागते. चव कडू होते, मुलांचे ओठ दोन दिवस लाल राहतात. तोड अशी की काळ्यासाठी आधी कोकोची तपकिरी क्रीम करावी आणि मग थोडाच रंग घालावा. शिवाय रंग फेटल्यावर काही तास गडद होत जातो, म्हणून आदल्या संध्याकाळी एक छटा फिका ठेवायचा. जांभळ्याचा गुलाबी अंश उजेडात उडतो आणि सकाळी केक निळा दिसतो. तो अंधारात, बंद खोक्यातच ठेवावा.

सोनेरी-रुपेरी भुकटीचा धोका याहून मोठा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुले आजारी पडली. केकवर गुलाबी-सोनेरी चमक देणारी भुकटी होती आणि तपासात ती तांब्याची निघाली. अशा डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असू शकते. त्याचा अर्थ खाण्याजोगे असा होत नाही; शोभेच्या वस्तूवर लावायला चालेल एवढाच होतो. डबीवर घटकपदार्थांची यादी आणि केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी क्रमांक नसेल तर ती भुकटी केकला लावू नये. ताज्या फुलांचेही तसेच. कण्हेरीचे फूल दिसायला गोड आहे आणि ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. बाजारातल्या गुलाबावर कीटकनाशक असते. फुले हवीतच तर देठाला वेष्टन गुंडाळून लावावीत आणि कापण्याआधी काढायला सांगावे. तसाच चौदा आकडी नोंदणी क्रमांक घरून केक विकणाऱ्या बेकरलाही लागतो, आणि तो बिलावर छापलेला असला की गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न संपतात.

केक कोणासाठी करायचा आणि त्यावर काय लिहायचे, हे प्रश्न न्यायालयापर्यंतही गेले आहेत. अमेरिकेतल्या कोलोराडोत एका बेकरने २०१२ मध्ये दोन पुरुषांच्या लग्नासाठी खास केक करायला नकार दिला. दुकानातल्या इतर वस्तू देईन, खास केक मात्र करणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या आयोगाने निःपक्ष वागणूक दिली नाही या कारणावरून निकाल बेकरच्या बाजूने दिला. त्याच वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर बेलफास्टच्या एका बेकरीचा खटला होता. तिथे समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहायला बेकरीने नकार दिला होता. न्यायालय म्हणाले, नकार गिऱ्हाइकाला नव्हता, वाक्याला होता. माझे मत असे: माणूस कोण आहे यावरून केक नाकारू नये. ज्या मजकुराने कोणाची टिंगल, कोणाच्या जातीधर्माचा अपमान होतो तो मजकूर नाकारावा आणि ते ऑर्डर घेतानाच सांगावे.

तक्रार आली तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूंच्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट समावेश आहे. तेव्हा घरचा केक म्हणून सूट मिळेल, असे बेकरने समजू नये. सर्वांत उपयोगी सवय एकच: केक हातात देताना चारही बाजूंनी फोटो काढायचा, गिऱ्हाइकासमोर. त्यानंतर गाडीत काय झाले आणि आधी काय झाले, याचा वाद उरत नाही. नाव चुकले, अंड्याबाबत चूक झाली, वेळ चुकली, तर पैसे परत, आणि लगेच. नाव लिहिलेला केक दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून दोन दिवस आधी ऑर्डर रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायचे. “जरा वेगळा वाटतोय” या तक्रारीला पेन्सिलीची ती आकृती पुढे करायची आणि शांतपणे ऐकून घ्यायचे. पुष्कळदा गिऱ्हाइकाला पैसे नको असतात. पाहुण्यांसमोर कमीपणा आला, हे कोणाला तरी सांगायचे असते.

राहिला प्रवास. रायपूर ते भिलाई अंतर तीसेक किलोमीटरचे आणि वाटेत गतिरोधक भरपूर. मजली केकचा भार खालच्या स्पंजवर कधीच ठेवत नाहीत. खालच्या मजल्यात त्याच्याच उंचीच्या चार-पाच काड्या उभ्या रोवतात, त्यांवर वरच्या मजल्याचा स्वतःचा पुठ्ठा टेकतो, आणि मधोमध एक लांब काडी दोन्ही मजल्यांतून खालच्या पाटात जाते. काड्या नसतील तर वरचा मजला स्पंज चेपत खाली उतरतो आणि बाजूची क्रीम फुगून फाटते. गाडीत केक मांडीवर घेऊ नका. मांडी उतरती असते आणि अंगाची ऊब खोक्याला लागते. पुढच्या सीटसमोरची, पाय ठेवायची सपाट जागा सर्वांत चांगली, गाडी निघण्याआधी दहा मिनिटे एसी लावलेला. आणि कापायला घेण्याआधी एक काम न विसरता करा. काड्या, टॉपरच्या दांड्या, फुलांच्या तारा अशा न खाण्याच्या वस्तू आत किती आहेत, हे बेकरकडून खोक्यावर आकड्यात लिहून घ्या. तेवढ्या मोजून बाहेर काढा आणि मगच पहिला तुकडा मुलांच्या हातात द्या.